दोनशे मीटरची रेषा भिंतीवर लावा

प्रति,
तहसीलदार, नगररचना अधिकारी, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, भूमी अभिलेखचे उपअधीक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : जमीन वापराचे राज्याचे नवे नियम तालुक्याच्या टेबलापर्यंत पोहोचवण्याबाबत

महोदय, महोदया,



तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात एक माणूस आपण रोज पाहता. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, मोजणीची ‘क’ प्रत आणि वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर आलेला फेरफार. गावठाणाला लागून त्याचे पाच गुंठे आहेत. भावकीची वाटणी झाली, जुन्या वाड्यात त्याच्या वाट्याला दीड खोली आली, आता त्याला तीन खोल्यांचे घर बांधायचे आहे. टेबलावरून उत्तर मिळते, “आधी बिनशेतीची ऑर्डर आणा.” ऑर्डरीसाठी त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवले जाते, तिथून झोन दाखल्यासाठी तिसऱ्या, तिथून ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीसाठी परत गावाला. मग पावसाळा लागतो आणि घर पुढच्या साली जाते.

हे पत्र त्या माणसासाठी आहे. तो ज्या कागदाच्या मागे धावतो, तो कागद त्याच्याकडे मागायचाच नाही असे विधिमंडळाने केव्हाच ठरवले आहे. मुंबईत कायदा बदलला, पण तालुक्याच्या टेबलावरची कागदपत्रांची यादी तीच राहिली. बदलाची बातमी आपल्याला सांगण्याचे काम अर्जदारावर येऊन पडले आणि ते त्याच्या आवाक्यातले नाही.

महाराष्ट्रातल्या जमिनीवर १९६६ सालचे दोन कायदे एकाच वेळी चालतात. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. पहिला विचारतो, शेतीची जमीन बिनशेतीकडे वळवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली का. दुसरा विचारतो, या जागेवर आराखड्यात काय दाखवले आहे आणि बांधकाम नियमात बसते का. ज्या काळी बहुतेक गावांना आराखडाच नव्हता, त्या काळी पहिल्या प्रश्नाला अर्थ होता. पण शासनाने स्वतःच मंजूर केलेल्या आराखड्यात एखादा गट रहिवास विभागात दाखवल्यावर ‘इथे घर चालेल का’ हे शासनाच्याच दुसऱ्या खात्याने पुन्हा विचारण्यात काय हशील? याच विचाराने २०१४ साली संहितेत कलम ४२-अ आले आणि त्यापाठोपाठ पुढच्या काही वर्षांत ४२-ब, ४२-क आणि ४२-ड आले.

त्यांचा आशय साधा आहे. अंतिम विकास आराखड्यातल्या जमिनीसाठी ४२-ब, प्रादेशिक योजनेतल्या जमिनीसाठी ४२-क आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी ४२-ड. आराखड्यातला किंवा योजनेतला वापर मान्य असेल, तर बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर नजराणा भरायचा, की जमीन त्या वापराकडे वळली असे मानायचे. बांधकामाचे नियम अर्थातच पाळायचे. ‘परवानगी’कडून ‘भरणा आणि नोंद’ असा हा बदल आहे. राज्याचा कल गेली दहा वर्षे याच दिशेने आहे.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली तक्रार छापील यादीची. कार्यालयातल्या सूचना फलकावर किंवा लिपिकाच्या काचेखाली बिनशेती प्रकरणासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी असते. अनेक ठिकाणी ती कलम ४४ च्या अर्जासाठी तयार झालेली असते आणि तीच ४२-ब, ४२-क आणि ४२-ड च्या प्रकरणांनाही सरसकट लावली जाते. कलम ४४ खाली अर्जदार परवानगी मागत असतो, म्हणून तिथे वेगवेगळ्या खात्यांचे अभिप्राय येतात. ४२-ड खाली तो परवानगी मागतच नाही, तो आकारणी किती हे विचारतो. या दोन माणसांना एकच यादी देणे म्हणजे दुसऱ्याला पहिल्याच्या रांगेत उभे करणे. लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे वर्षानुवर्षे जी यादी आहे ती तो वाचून दाखवतो. ती बदलण्याचा अधिकार आपला आहे.

दुसरी तक्रार रेषेची. २०० मीटर म्हणजे कुठून कुठपर्यंत? कायदा म्हणतो, गावठाणाच्या हद्दीपासून. ती हद्द भूमी अभिलेखच्या नकाशावर असते आणि गावात ती कुणालाच नेमकी ठाऊक नसते. जुनी हद्द ज्या पिढीत आखली, त्यानंतर गाव रस्त्याच्या कडेने, ओढ्यापलीकडे, शाळेमागे पसरत गेले. लोक ज्याला गावठाण म्हणतात आणि नकाशा ज्याला गावठाण म्हणतो, त्यात अंतर पडले आहे. शिवाय २०० मीटरची रेषा गटाच्या बांधावरून जाईलच असे नाही. ती पुष्कळदा गटाच्या मधून जाते, निम्मा गट आत आणि निम्मा बाहेर राहतो. मग अर्जदाराने आधी पोटहिश्श्याची मोजणी आणावी असे सांगितले जाते आणि मोजणीच्या तारखेसाठी महिने जातात.

हे काम प्रत्येक अर्जदाराकडून वेगवेगळे करून घेण्याची गरज नाही. गाव एक, हद्द एक, रेषा एक. एकदा ओढली की गावातल्या सगळ्या गटांसाठी ती कामाला येते. त्यासाठी लागणारे साधनही आता आपल्या हाताशी आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावाच्या गावठाणाची मोजणी ड्रोनने करून महाराष्ट्राने या कामात पहिले पाऊल टाकले. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली आणि गावोगावच्या गावठाणांची अशी मोजणी सुरू झाली. ज्या गावात ड्रोन फिरून गेला आहे, तिथे गावठाणातल्या घरांच्या सीमा संगणकावर आहेत. गावठाणाची हद्द आणि तिच्यापासून २०० मीटर, या दोन रेषा गट नकाशावर उतरवणे हे तिथे काही दिवसांचे काम आहे.

तिसरी तक्रार पावतीची. ४२-ब मध्ये विधिमंडळाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. आकारणी भरल्याचे चलन किंवा पावती हाच जमिनीचा वापर बदलल्याचा पुरावा मानायचा, त्याहून वेगळा पुरावा मागायचा नाही. सामान्य माणसावर इतका विश्वास टाकणारे वाक्य महसूल कायद्यात विरळाच सापडते. पण ती पावती घेऊन माणूस बँकेत गेला की शाखाधिकारी ‘एनए ऑर्डर’, म्हणजे बिनशेतीची ऑर्डर, मागतात. बांधकाम परवान्याच्या टेबलावरही तोच शब्द ऐकू येतो. सातबाऱ्यावर नोंद घ्यायला गेला तर ‘सनद आली की बघू’ असे ऐकावे लागते. कायद्याने जी पावती पुरेशी ठरवली, ती व्यवहारात अपुरी ठरते आणि मग माणूस नको असलेली ऑर्डर मिळवण्यासाठी मध्यस्थाकडे जातो. त्या मध्यस्थाला कोण पोसतो याचा विचार आपण करावा अशी विनंती आहे. जुन्या यादीतली प्रत्येक अनावश्यक ओळ त्याच्या धंद्याला लागते.

चौथी तक्रार बांधकामाच्या नियमांची. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. त्याआधी महापालिकांचे नियम वेगळे, २०१३ ची नगरपरिषदांसाठीची प्रमाणित नियमावली वेगळी, प्रादेशिक योजनांच्या क्षेत्राचे नियम वेगळे होते. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे ‘नैना’ क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे अशी काही ठिकाणे वगळता सगळ्या राज्याला ती लागू झाली. शासनाने नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ आणि कलम २० मधले आपले अधिकार वापरून ती लागू केली. म्हणजे कोणत्याही नगरपरिषदेने ठराव करून ती स्वीकारण्याची वाट पाहायची नव्हती. जुने नियम त्याच क्षणी मागे पडले.

या नियमावलीत छोट्या घरांसाठी मोकळीक आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कमी जोखमीचे बांधकाम असेल, तर नियमात बसणारा, परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने सही केलेला नकाशा आणि मालकीचे कागद दाखल करायचे, शुल्क भरायचे आणि पोच घ्यायची. ती पोच म्हणजेच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत १० दिवसांत परवानगी द्यायची. १५० चौरस मीटर म्हणजे सुमारे १,६०० चौरस फूट. गावातल्या आणि छोट्या शहरातल्या बहुसंख्य कुटुंबांचे घर एवढ्याच जागेत उभे राहते. म्हणजे ही तरतूद विकासकांसाठी नाही, शिक्षक, एसटीचा वाहक, दूध घालणारा शेतकरी, अंगणवाडी सेविका यांच्यासाठी आहे. आणि नेमक्या याच लोकांना तिची माहिती सर्वांत कमी आहे. ज्या नगरपरिषदेच्या दारात ‘१५० चौरस मीटरपर्यंत पोच हीच परवानगी’ असा फलक दिसत नाही, तिथे ही तरतूद असून नसल्यासारखी आहे.

पाचवी तक्रार त्रुटींच्या पत्रांची. अर्ज आला, पंधरा दिवसांनी एक त्रुटी निघाली. ती पुरी केली, मग दुसरी. ती पुरी केली, तोवर संबंधित अधिकारी बदलून गेले आणि नव्यांनी तिसरी काढली. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांची मुदत आहे. त्या मुदतीत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांना धरून असेल, तर परवानगी दिली असे मानले जाते. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियमही मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देतो आणि अपिलाची वाट दाखवतो. पण त्रुटीच्या प्रत्येक पत्राबरोबर दिवस पुन्हा एकपासून मोजले जाऊ लागले, तर दोन्ही कायदे कागदावर राहतात. सर्व त्रुटी एकाच पत्रात, एकदाच कळवल्या पाहिजेत.

सहावी तक्रार आराखड्यांच्या विलंबाची. ही एका टेबलाची नाही, वरपासून खालपर्यंत सर्वांची आहे. ४२-ब चा लाभ अंतिम आराखडा असेल तरच मिळतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले. त्याचा प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच मागे घेतला. तो चांगला होता की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. पण या सगळ्या वर्षांत त्या शेकडो गावांमधल्या माणसाने आपल्या जमिनीत काय होणार हे कशावरून ठरवायचे? आराखडा लांबला की नवी कलमे झोपून राहतात आणि जुनी पद्धत जागी होते.

या तक्रारी वाचून आपल्या मनात काय येईल, याचीही या पत्राला जाणीव आहे. मंजूर पदे रिकामी आहेत. एकाच नगररचनाकाराकडे दोन-तीन ठिकाणचा कार्यभार असतो. निवडणूक आली की महसूलची माणसे तिकडे, अतिवृष्टी झाली की पंचनाम्यांना. त्याहून मोठी अडचण भीतीची आहे. एक कागद जास्त मागितला म्हणून कोणत्या अधिकाऱ्याची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही. एक कागद कमी घेऊन काम केले आणि उद्या तक्रार झाली, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. नवा कायदा ज्याला कळला आहे असा प्रामाणिक अधिकारीसुद्धा मग ‘असू द्या, एक अभिप्राय मागवून घेऊ’ म्हणतो. या भीतीवर उपाय वरिष्ठांनी करायचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी आणि नगररचना संचालनालयाने लेखी आदेश द्यावा की ४२-ब, ४२-क, ४२-ड च्या प्रकरणात अमुकच कागद घ्यावेत आणि तेवढे घेऊन झालेल्या कामावर आक्षेप येणार नाही. तसा आदेश निघेपर्यंत खालच्या टेबलाकडून धाडसाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तरीही उशिराची किंमत फार मोठी आहे आणि ती महाराष्ट्राने आधी मोजली आहे. शहरांच्या कडेला लोकांनी गुंठा-गुंठा घेतला, साठेखतावर घर बांधले. ना रस्ता, ना गटार, ना मोकळी जागा. कारण रीतसर वाट लांब आणि महाग होती, बेकायदा वाट जवळची होती. अखेर २००१ मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा करावा लागला. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेण्यासाठी तो पुन्हा दुरुस्त करावा लागला. म्हणजे मधल्या दोन दशकांत तेच पुन्हा घडले. आज रीतसर घर बांधू पाहणारा जो माणूस व्हरांड्यातून कंटाळून परत जातो, तो घर बांधायचे सोडत नाही. तो परवानगीशिवाय बांधतो, आणि मग त्याच्या घरासमोरचा रस्ता सहा फुटांचा राहतो, त्यात अग्निशमनाची गाडी शिरत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. कागद कमी करा म्हणजे तपासणी सोडा, असे या पत्राचे म्हणणे नाही. उलट खरी तपासणी वाढली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगलीत पाणी कुठवर चढले, ते सर्वांनी पाहिले. निळ्या पूररेषेच्या आत घर होता कामा नये, ही गोष्ट ना-हरकतींच्या गठ्ठ्यात शोधायची नसते, ती नकाशावर दिसली पाहिजे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको असे नियमावली म्हणते. आंबेगाव तालुक्यातले माळीण २०१४ मध्ये आणि खालापूरची इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली. त्या जुन्या वस्त्या होत्या, परवान्याचा प्रश्न तिथे नव्हता, पण डोंगर-उतार आणि पाणी यांच्याकडे यंत्रणेने वेळेवर पाहिले पाहिजे हे त्या दोन दुर्घटनांनी दाखवून दिले. आपल्या तुटपुंज्या मनुष्यबळाचे तास ज्या अभिप्रायाची कायद्याला गरज उरली नाही त्यात जावेत, की ओढ्याकाठच्या प्रत्यक्ष पाहणीत? जोता तपासणीला अभियंता खरोखर जागेवर गेला, तर त्याच्या एका फेरीचे मोल दहा दाखल्यांहून जास्त आहे.

म्हणून आपल्याला या विनंत्या आहेत.

तहसीलदारांनी ४२-ब, ४२-क आणि ४२-ड साठी स्वतंत्र, तारखेसह कागदपत्रांची यादी काढावी आणि तिच्यात प्रत्येक कागदासमोर तो कोणत्या कलमाने मागितला ते लिहावे. ज्या कागदासमोर कलम लिहिता येणार नाही, तो यादीतून काढावा. कलमे उद्या पुन्हा बदलली, तर त्याच आठवड्यात यादीही बदलावी. अर्जाची वाट न पाहता स्वतःहून आकारणी ठरवण्याची मुभा कायद्यात आहे. तिचा वापर करून पात्र गटांची गावनिहाय यादी जाहीर करावी.

भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांनी प्रत्येक गावासाठी गावठाणाची हद्द आणि २०० मीटरची रेषा दाखवणारा गट नकाशा तयार करून ग्रामपंचायतीला द्यावा. रेषा ज्या गटांमधून जाते त्यांची मोजणी अर्जाअर्जाने न करता गावाची एकत्र मोहीम घेऊन करावी.

मुख्याधिकारी आणि नगररचना अधिकाऱ्यांनी १५० आणि ३०० चौरस मीटरच्या तरतुदी साध्या मराठीत, ठळक अक्षरांत दारात लावाव्यात. सामासिक अंतरे, उंची, चटई क्षेत्र आणि शुल्क दाखवणारे छोट्या घरांचे नमुना नकाशे ठेवावेत. त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात. एकत्रित नियमावलीत वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या मूळ मजकुरात बसवलेली अद्ययावत प्रत कार्यालयात कुणालाही पाहता यावी.

ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी यांनी, म्हणजे गावकरी अजूनही ज्यांना ग्रामसेवक आणि तलाठी म्हणतात त्यांनी, भरणा झालेल्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर घेण्यासाठी अर्जदाराला पुन्हा बोलावू नये. चलन पोहोचले की फेरफार धरावा.

जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या बँकांच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि चलन हाच पुरावा आहे हे बँकांना लेखी कळवावे.

यातल्या कोणत्याही विनंतीला नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. सुरुवात नकाशापासून करावी. गावोगाव २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. यातली जी ग्रामसभा आधी येईल, तिच्यात तो नकाशा भिंतीवर लावावा. त्यावर गावठाणाची हद्द एका रंगात, २०० मीटरची रेषा दुसऱ्या रंगात आणि पूररेषा असेल तर तिसऱ्या रंगात असावी. खाली गट क्रमांकांची यादी आणि आकारणी कुठे भरायची ते लिहिलेले असावे. पिशवी घेऊन व्हरांड्यात बसणारा तो माणूस त्या दिवशी भिंतीसमोर उभा राहील, आपला गट बोटाने शोधील आणि घराचा पाया पावसाळ्याआधी भरता येईल का, एवढेच बायकोशी बोलेल.

कळावे.

आपला विश्वासू,
गावांच्या नियोजनावर लिहिणारा एक पत्रकार